साडूंनी सोडवलेली गाणी

भोपाळ शहरात आजवर जेवढी म्हणून गाणी वाजली असतील, मग ती रेडिओवर असोत, लग्नात असोत, रिक्षात असोत की गणपतीच्या मांडवात, त्यांतल्या एकाही गाण्याचा शेवट माझ्या साडूंनी परवापरवापर्यंत ऐकलेला नव्हता. हे विधान मी कुठल्याही देवळात उभा राहून करायला तयार आहे. त्यांना ऐकू कमी येत होतं म्हणावं, तर तसं मुळीच नाही. माणसाला असले कान असू शकतात, यावर विश्वास बसायला मला लग्नानंतर बरीच वर्षं लागली. गाण्याची आवड नव्हती म्हणावं, तर ते दुसऱ्या कशाबद्दल बोलतच नसत. गोष्ट एवढीच होती, की गाणं ही त्यांच्या लेखी ऐकायची वस्तू नव्हती, सोडवायची वस्तू होती. लोक वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवतात, तशी ते गाणी सोडवत. गाणं सुरू झालं की डोळे मिटायचे, मान एका बाजूला टाकायची, डाव्या हाताची बोटं हवेत वाकडीतिकडी करायची, आणि पहिला अंतरा संपला की डोळे उघडून समाधानाने म्हणायचं, "झालं. पुढे सगळं तेच आहे." की रेडिओ बंद. उरलेले अंतरे घरातल्यांनी मनातल्या मनात म्हणून घ्यायचे.

ज्यांचा गिटारशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो, म्हणजे मला जेवढं समजलंय तेवढं. कुठल्याही गाण्याच्या बुडाशी तीन-चार सूर एकदम छेडून केलेली एक बैठक असते, तिला कॉर्ड म्हणतात. गाणारा वर काय वाटेल ते करो, खाली ही बैठक बदलत राहते. ती कुठे आणि कशी बदलते हे एकदा कळलं, की गिटारवाल्याच्या हाती ते गाणं लागलं. साडूंचं म्हणणं असं, की लोकांच्या तोंडी असलेल्या बहुतेक गाण्यांत या बैठका चारच्या वर नसतात, आणि पहिल्या अंतऱ्यानंतर त्याच फिरून फिरून येतात. मग पुढचं गाणं ऐकणं म्हणजे सुटलेलं गणित पुन्हा सोडवणं. हा नियम त्यांनी हळूहळू गाण्याबाहेरही लावायला सुरुवात केली. सिनेमात नायकाचा बाप मेला की ते उठत. आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी 'दोनच शब्द बोलतो' म्हणून घसा साफ केला, की हे चपला शोधायला लागत. सत्यनारायणाचा दुसरा अध्याय संपल्यावर त्यांनी एकदा खुद्द भटजींनाच विचारलं होतं, "पुढे तेच आहे ना?" भटजी प्रामाणिक होते. ते म्हणाले, "बरंचसं."

साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. हे नातं माणसाला न मागता मिळतं आणि परतही करता येत नाही. आमचं घराणं नागपूरचं, सरकारी कचेरीबरोबर इकडे आलं आणि अरेरा कॉलनीत रुजलं. साडूंचं उभं आयुष्य पिपलानीत गेलं. तिथल्या मोठ्या कारखान्यात ते तपासनीस होते. तयार झालेला भाग, त्यांच्या भाषेत 'जॉब', हातात घ्यायचा, गेज लावून मापायचा, आणि 'पास', 'रीवर्क' किंवा 'रिजेक्ट' यांपैकी एक शब्द उच्चारून पुढे सरकायचं, हे त्यांचं काम. चालतं यंत्र तपासायचं तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्याच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि आतलं बेअरिंग काय म्हणतंय ते ऐकायचं, ही तिथली जुनी रीत. लग्नानंतर ते पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा मी मोठ्या हौसेने नवीन टेपरेकॉर्डर लावून दाखवला. चहाच्या आधी स्क्रू ड्रायव्हर मागणारा पाहुणा मी तेव्हा प्रथमच पाहिला. त्यांनी टोक टेपरेकॉर्डरला लावलं, मूठ कानाला लावली, आणि आमच्या बैठकीच्या खोलीत उकिडवं बसून एका अत्यंत हळव्या प्रेमगीताची तपासणी केली. "गाणं पास आहे. तुमची मोटर रीवर्कला द्या," ते म्हणाले. महिन्याभरात मोटर खरोखरच गेली, आणि त्यामुळे मला त्यांचा जास्तच राग आला.

गिटार त्यांच्याकडे आली ती बदली होऊन गेलेल्या एका सहकाऱ्याची. सामानाच्या ट्रकमध्ये जागा उरली नाही म्हणून तो ती ह्यांच्या व्हरांड्यात ठेवून गेला आणि परत न्यायला आलाच नाही. गुरू नाही, पुस्तक नाही, शिकवणी नाही. तारा दाबून दाबून, घासून घासून हा माणूस आपापला शिकला. मोबाइलवर हल्ली सगळ्या गाण्यांच्या कॉर्ड तयार मिळतात, असं मी एकदा भाबडेपणाने म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी बाजारच्या पुरणपोळ्या आणून नैवेद्य दाखवावा म्हणतोय.

त्यांचा सगळ्यात मोठा शोध म्हणजे भिंत. कॉर्ड ओळखायची तर गाण्यातला खर्ज ऐकला पाहिजे, आणि वरचं गाणारं-बिणारं, बासरी-व्हायोलिन हे सगळं त्याच्या आड येतं. ते गाळायचं कसं? तर गाण्यात आणि आपल्यात एक भिंत घालायची. बारीक आवाज भिंतीत अडकतात, खर्ज तेवढा आरपार येतो. हे शास्त्र खरं आहे, मी स्वतः करून पाहिलंय. पण त्यामुळे व्हायचं असं, की हा माणूस आमच्याकडे येऊन मला म्हणायचा, "साडूभाऊ, ते नवीन गाणं लावा बरं जरा," आणि मी ते लावलं की स्वतः न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावून घ्यायचा. मी बाहेर एकटा गाणं ऐकत बसायचो. शेजारीपाजारी आले आणि पाहुणे कुठायत म्हणून विचारू लागले, तर काय सांगायचं याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

माझ्या मुलीच्या लग्नात या शास्त्राने आमची लाजच काढली असती. वरपक्ष इंदूरचा. त्यांनी हौसेने आपल्याबरोबर ऑर्केस्ट्रा आणलेला. साडूंना मी फक्त एकच काम दिलं होतं, की दारात उभं राहून व्याह्यांना गुलाबपाणी आणि पेढा द्यायचा. व्याही आले, गुलाबपाणी नाही, पेढा नाही आणि साडूही नाहीत. मी घामाघूम होऊन इकडे तिकडे बघतोय, तेवढ्यात मॅरेज गार्डनचा चौकीदार साडूंचा दंड धरून व्याह्यांच्या समोरून त्यांना घेऊन आला.

"को खां, ये साब आपके हैं?" त्याने मला अस्सल भोपाळी थाटात विचारलं. "पीछे की दीवार से कान लगाके खड़े थे. मैंने पूछा तो बोले, डिस्टर्ब मत करो."

"हमारे ही हैं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? साडूंनी शांतपणे दंड सोडवून घेतला, खिशातला पेढा काढून व्याह्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "नमस्कार. तुमच्या ऑर्केस्ट्राची तिसरी कॉर्ड चुकतेय. बाकी मुलगा छान आहे." व्याही अजूनही दिवाळीला फोन केला की आधी साडूंची चौकशी करतात.

गिटार जवळ नसली तरी त्यांचं काम थांबत नसे. जे हाती लागेल त्याची ते गिटार करत. स्कूटरवर माझ्या मागे बसले की रस्त्यात जे गाणं कानावर पडेल त्याच्या कॉर्ड माझ्या खांद्यावर दाबून पाहत. पिपलानीपासून अरेरा कॉलनीपर्यंत माझ्या खांद्याने कित्येक गाणी सोसली आहेत. एकदा बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात आम्ही दोघं गेलो होतो. भाजीवाल्याच्या मोबाइलवर कुठलंसं ताजं गाणं लागलं होतं. साडूंनी लांबसडक दुधी उचलला, छातीशी आडवा धरला, डोळे मिटले आणि दुधीच्या देठाकडे बोटं चालू झाली. मागे गिऱ्हाइकं थांबलेली. भाजीवाला बिचारा थोडा वेळ आदराने पाहत राहिला. मग म्हणाला, "बाबूजी, लौकी लेना है कि बजाना है?" साडूंनी डोळे न उघडता दुसरा हात वर केला, म्हणजे थांब. अंतरा संपल्यावर दुधी खाली ठेवला आणि बोटांच्या खुणा उमटल्या नाहीत हे पाहून म्हणाले, "हा कोवळा नाही." मग दुसरा घेतला.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र देवासारखी होती, तिच्याशी खेळ नाही. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ज्याला नादकाटा म्हणतात, तो दोन पायांचा पोलादी काटा साडूंकडे होता. रोज सकाळी आंघोळ झाली की तो गुडघ्यावर आपटायचा, कानाशी धरायचा आणि त्या सुरावर गिटारच्या तारा लावायच्या. काटा म्हणेल तो सूर, त्याच्या केसभर वर नाही आणि केसभर खाली नाही. कॉलनीतल्या भजनी मंडळाने एकदा त्यांना साथीला बोलावलं. त्यांची पेटी जुनी, काट्यापेक्षा किंचित उतरलेली. पेटीवाले काका नम्रपणे म्हणाले, की पेटीचे सूर हलवता येत नाहीत, तुमच्या तारा तेवढ्या थोड्या सैल करा. साडूंनी गिटार पिशवीत घातली. "गिटार कुणासाठी उतरत नाही. पेटी रिजेक्ट," असं म्हणून ते घरी आले. देवाच्या दारातही त्यांनी तडजोड केली नाही, हे ते वर अभिमानाने सांगत.

आता ताईबद्दल सांगितलं पाहिजे. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडूंची बायको. ताई गायची. नागपूरला माहेरी असताना तिच्या गाण्याचं नाव होतं, आणि लग्न होऊन पिपलानीत आल्यावर मंडळाच्या गणपतीत तिचं एक गाणं व्हायचंच. आवाज फार मोठा नव्हता, पण ऐकताना आपण उगाच चांगले माणूस आहोत असं वाटायला लागायचं. पुढे साडूंची गिटार आली आणि नवरा-बायकोने एकत्र कार्यक्रम करावा अशी टूम निघाली. इथेच घात झाला. गिटारच्या दांडीवर आडव्या पट्ट्या असतात, सूर त्या पट्ट्यांवरच वाजतात, दोन पट्ट्यांच्या मधला सूर तिच्यात नाहीच. आणि ताईचा गळा नेमका मधे उभा राहायचा. घरी साडू म्हणत, "थोडी वर चढ." ताई चढायची, दोन ओळींनी पुन्हा आपल्या जागी. "बरं, थोडी खाली ये." ताई उतरायची, दोन ओळींनी पुन्हा आपल्या जागी. असं होत होत गणपतीचा दिवस उजाडला. भर मांडवात, माईकसमोर, दुसऱ्या ओळीला साडूंनी हात थांबवला आणि कारखान्यातल्याच आवाजात म्हणाले, "रिजेक्ट."

लोक हसले. साडूही हसले. ताई सगळ्यांपेक्षा जास्त हसली, खाली उतरली आणि प्रसादाच्या कोशिंबिरीला फोडणी द्यायला निघून गेली. त्यानंतर ती लोकांसमोर कधी गायली नाही. गायची ती फक्त स्वयंपाकघरात, दार लोटून. मला त्या दिवशी साडूंचा मनापासून राग आला होता. दुष्टपणा केला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. पण त्यांना आपण काही केलंय हेच ठाऊक नव्हतं. कुणी विचारलं, की ते निरागसपणे सांगत, "संसारात वेळ मिळत नाही हो तिला."

वर्षं गेली. साडू निवृत्त झाले, पिपलानीजवळच त्यांनी छोटंसं घर घेतलं. मग एका वर्षी मंडळाने दिवाळी पहाट करायची ठरवली आणि चार बायका ताईला गायला विचारायला तिच्या घरी गेल्या. त्यांत माझी बायको होती, आणि गाडी चालवायला मी. ताई नाही म्हणणार हे सगळ्यांना माहीत होतं. बायकांनी तर तिच्या नकारानंतर कुणाला विचारायचं हेही ठरवून ठेवलं होतं. ताईने शांतपणे सगळ्यांना चिवडा दिला आणि म्हणाली, "गाईन. पण ह्यांनी वाजवायचं. आणि शेवटपर्यंत वाजवायचं."

बायका साडूंकडे बघायला लागल्या. साडू म्हणाले, "त्यात काय? तीन कॉर्डचं गाणं असेल."

"शेवटपर्यंत," ताई पुन्हा म्हणाली.

निघताना दारात तिने माझ्या बायकोला जे सांगितलं, ते मी चपला घालताना ऐकलं. "या वेळी हे मधेच थांबले ना, तर मी पुन्हा गाणार नाही बघ. स्वयंपाकघरातसुद्धा नाही." ताई चिडून बोलली असती तर मी एवढा घाबरलो नसतो. ती दूध संपलंय हे सांगावं तशी बोलली.

गाणं ठरलं ते जुनं भावगीत. आपल्या सगळ्यांच्या आयांना यायचं त्यातलं, चांगलं चार अंतऱ्यांचं. तालमी सुरू झाल्या आणि आमच्या बायकोने मला रोज काही ना काही निमित्त काढून तिकडे पाठवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी ताईचा पहिला अंतरा संपायच्या आत साडू उठून पाणी प्यायला गेले. "झालं. पुढे सगळं तेच आहे."

"पुढे तेच नाहीये," ताई म्हणाली. "पुढे शब्द वेगळे आहेत."

"शब्दांना कॉर्ड नसते."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीने मोबाइलमध्ये घालून दिलेलं सुराचं यंत्र साडूंनी ताईसमोर स्टुलावर ठेवलं. गायलं की त्यात एक सुई हलते आणि आपण कुठल्या सुरावर आहोत ते दाखवते. ताई गायली. सुई दोन सुरांच्या बरोबर मधे जाऊन थांबली. साडूंनी सगळ्या तारा एकदम दाबून सूर चढवणारा चिमटा गिटारच्या दांडीला लावून पाहिला, पण चिमटाही एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवरच जातो, मधे बसत नाही. "थोडी वर," साडू म्हणाले. "थोडी खाली." ताई वर गेली, खाली आली, पुन्हा मधे. मग साडू नादकाटा गुडघ्यावर आपटून तिच्या कानाशी धरायला लागले. "साडूभाऊ, तुम्हीच बघा," ते मला म्हणाले, "टॉलरन्सच्या बाहेर आहे की नाही?" मला टॉलरन्स म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण ते ताईचं संपत आलंय एवढं दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी तिने साडूंचा काटा धरलेला हात बाजूला केला, स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं. आतून कढईचा आवाज आला, तेल तापल्याचा वास आला. चकल्या तळायच्या राहिल्या होत्या. साडू गिटार मांडीवर घेऊन बसले होते आणि मी निमित्ताला आणलेल्या डब्याकडे बघत बसलो होतो. मनात म्हटलं, संपलं. आता घरी जाऊन बायकोला काय सांगायचं?

तेवढ्यात आतून ताईचं गाणं सुरू झालं. तेच गाणं, चकल्या तळता तळता, स्वतःशीच. साडूंनी मान वर केली. आणि मग त्यांनी ते केलं, जे ते आयुष्यभर करत आले होते. उठले, बंद दाराशी गेले आणि दाराला कान लावला. डोळे मिटले, मान तिरपी टाकली. पहिला अंतरा झाला. मी वाट बघत होतो, की आता हे वळतील आणि पुढे तेच आहे म्हणतील. ते वळले नाहीत. दुसरा अंतरा झाला. त्यांनी खिशातून नादकाटा काढला, हातात धरला, आणि आपटलाच नाही. तिसरा झाला. मधे एकदा ताई थांबली, बहुधा चकल्या उलटायला, आणि पुन्हा सुरू झाली ती बरोबर होती तिथूनच. चौथा अंतरा संपला, ध्रुवपद आलं, तेही संपलं, आणि आत नुसतं तेल चुरचुरत राहिलं. तरी साडू दाराला कान लावून उभेच.

"हलत नाही हो," ते माझ्याकडे वळून कुजबुजले. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. "पहिल्यापासून शेवटपर्यंत एका जागेवर आहे. केसभर हलत नाही. मला वाटायचं ही डळमळते. ही डळमळत नव्हती. मीच तिला ओढत होतो." मग अगदी हळू, "जॉब बरोबर आहे साडूभाऊ. गेज चुकीचं लावलं मी. इतकी वर्षं."

 

ते परत येऊन बसले आणि गिटारच्या खुंट्या पिळायला लागले. जी गिटार देवासाठी उतरली नव्हती तिची एकेक तार ते सैल करत होते, दाराकडे कान देऊन, आत ताई जे काही गुणगुणत होती त्याला लावून घेत. सहाही तारा झाल्यावर त्यांनी गाण्याची पहिली कॉर्ड छेडली. आतलं गुणगुणणं थांबलं. त्यांनी पुन्हा छेडली. दार उघडलं आणि झारा हातात धरून ताई बाहेर आली. ती आधी माझ्याकडे बघायला लागली, मग बाहेरच्या दरवाज्याकडे.

"कोण आलंय वाजवायला?" तिने विचारलं.

"मीच आहे," साडू म्हणाले.

दिवाळी पहाटेला तबलजी भोपाळचाच होता, गाणाऱ्यांच्या तऱ्हा पाहून पाहून पिकलेला. साडूंनी त्याला तबला उतरवायला लावला. तो हातोडीने ठोकत राहिला, साडू "और थोड़ा, और थोड़ा" म्हणत राहिले. शेवटी तो वैतागून म्हणाला, "भाईसाब, ये कौन-सा सुर है?"

"मॅडम का है," साडू म्हणाले.

ताई गायली. तिने काय गायलं ते मी सांगत बसत नाही, मला ते सांगता येणार नाही. मी ऐकतच नव्हतो खरं म्हणजे. मी साडूंच्या उजव्या हाताकडे बघत होतो आणि माझी बायको माझं मनगट आवळून बसली होती. पहिला अंतरा संपला. साडूंचा हात सवयीने मंदावला. इतक्या वर्षांची सवय, ती एका दिवसात कुठे जाणार? मागच्या रांगेत कुणीतरी जुनं माणूस हसलंसुद्धा. ताईने त्यांच्याकडे पाहिलं नाही, ती समोर बघत दुसरा अंतरा गायला लागली. साडूंनी डोळे मिटले, मान तिच्या बाजूला तिरपी केली आणि हात पुन्हा चालायला लागला. दुसरा, तिसरा, चौथा. बायकोने मनगट सोडलं तेव्हा त्यावर वळ उठले होते.

आणि मग खरी गंमत झाली. ताईचं गाणं संपलं. तबलजीने तिहाई घेऊन सम गाठली. लोक टाळ्या वाजवायला लागले. साडू वाजवतच होते. तीच पहिली कॉर्ड, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. आम्हाला वाटलं आनंदाच्या भरात वाजवतायत. पण त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि ते भांबावून एकदा ताईकडे, एकदा तबलजीकडे बघत होते. बिचाऱ्याने आयुष्यात शेकडो गाणी सोडवली, पण एकाच्याही शेवटापर्यंत ते कधी वाजवत गेले नव्हते. गाणं संपवायचं कसं, हे त्यांना माहीतच नव्हतं. शेवटी ताईने हात पुढे केला आणि तळवा अलगद तारांवर ठेवला. तेव्हा ते थांबले.

आता महिन्यातून एखाद्या संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्याकडे जातो. ताई गाते, साडू वाजवतात. साडू अजूनही न्हाणीघरात जाऊन गाणी सोडवतात, अजूनही सिनेमातून उठतात, माझ्या खांद्याचीही सुटका झालेली नाही. नादकाटा खिळ्याला टांगलाय, किल्ल्यांच्या शेजारी. पण ताईचा आवाज पूर्वीचा राहिलेला नाही. वय झालं, दम लागतो, आणि प्रत्येक खेपेला ती मागच्यापेक्षा किंचित खालून सुरू करते. ती कुठून सुरू करते तेवढं साडू ऐकून घेतात, काही न बोलता खुंट्या पिळतात, आणि तिच्यापाशी जाऊन पोचतात. तारा आता इतक्या सैल झाल्यात, की मधूनच दांडीला लागून खरखरतात. कारखान्यातला कुठलाही तपासनीस असली गिटार पास करणार नाही.

"आणखी किती उतरवणार हो?" परवा मी त्यांना विचारलं.

"ती उतरेल तेवढी," ते म्हणाले, आणि त्यांनी तिला मानेने खूण केली.

ताईने सुरू केलं. पहिला अंतरा झाला, मग ती श्वास घ्यायला थांबली, जरा जास्तच वेळ थांबली. मला वाटलं, दमली असेल, आता पुरे. बाहेर दिवेलागण झाली होती, आम्हाला अरेरा कॉलनी गाठायची होती. मी बायकोला खूण केली आणि खुर्चीवरून अर्धवट उठलो. साडूंनी वाजवणं थांबवलं नाही. डोळेही उघडले नाहीत. तीच एक कॉर्ड हळूहळू छेडत, ताईचा श्वास परत यायची वाट बघत, ते मला म्हणाले, "बसा हो साडूभाऊ. पुढे आहे अजून."